इतिहास, राजकारण आणि समाज यांवरचे नवे संशोधनग्रंथ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवे संशोधनग्रंथ निवडताना, वाचताना आणि त्यांवर विसंबताना वाचकांना जे प्रश्न पडतात आणि जे पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात जातो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. संशोधनग्रंथ आणि इतिहासावरचं एखादं चांगलं लोकप्रिय पुस्तक यांत फरक काय? भाषा अवघड असली की संशोधन?

भाषेचा इथे संबंध नाही. संशोधनग्रंथ काही नवं विधान करतो आणि ते कशाच्या आधारावर उभं आहे हे वाचकाला स्वतः तपासता येईल अशा रीतीने मांडतो. लोकप्रिय पुस्तक बहुधा इतरांनी शोधलेलं नीट गुंफून सांगतं. ते कामही मोलाचं आहे, पण त्यातल्या विधानाचा उगम शोधायला तुम्हाला पुन्हा दुसऱ्या पुस्तकाकडे जावं लागतं.

दुकानात किंवा ग्रंथालयात उभ्या उभ्या फरक ओळखायचा असेल तर पुस्तक मागून उघडा. तीनशे पानी ग्रंथात साठ-सत्तर पानं टीपा आणि संदर्भसूचीची असणं नेहमीचं आहे. मागे नुसती पुस्तकांची यादी असेल आणि कुठलं वाक्य कुठून आलं हे सांगणाऱ्या टीपा नसतील, तर पुस्तक वाचनीय असू शकेल, तपासण्याजोगं नाही.

२. ज्या विषयावर शेकडो पुस्तकं आहेत त्यावर पुन्हा नवं पुस्तक कशाला?

बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं: नवी कागदपत्रं खुली झाली, जुन्याच कागदपत्रांना कुणी नवा प्रश्न विचारला, किंवा मोजण्याची नवी पद्धत हाती आली.

पहिलं कारण सगळ्यांत ठोस. ब्रिटनमध्ये १९५८ च्या कायद्याने सरकारी कागद ५० वर्षांनी खुले होत. १९६७ मध्ये ही मुदत ३० वर्षांवर आली आणि २०१३ पासून ती टप्प्याटप्प्याने २० वर्षांवर आणली गेली. त्यामुळे एखाद्या घटनेला वीस-तीस वर्षं झाली की तिच्यावरच्या ग्रंथांची लाट येते. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये कोसळल्यावर तिथली दप्तरं अंशतः उघडली आणि शीतयुद्धाचा इतिहास बऱ्याच अंशी नव्याने लिहावा लागला.

नव्या पुस्तकाने यांपैकी नेमकं काय केलं हे प्रास्ताविकात स्पष्ट सांगितलेलं असायला हवं. ‘आजवर कुणी न लिहिलेलं’ एवढाच दावा असेल तर संदर्भसूची आधी पाहा. तीत गेल्या दहा वर्षांतलं काहीच नसेल, तर कुणी लिहिलं आहे की नाही हे लेखकाने शोधलेलंच नाही.

३. विद्यापीठ प्रकाशनाचं पुस्तक आहे म्हणजे ते बरोबरच असणार ना?

जास्त विश्वासाचं असणार, एवढंच म्हणता येतं. ही प्रकाशनं जुनी आणि नावाजलेली आहेत. केंब्रिज विद्यापीठाला छपाईची सनद १५३४ मध्ये मिळाली आणि तिथली छपाई १५८४ पासून चालू आहे. पण नावापेक्षा प्रक्रिया समजून घेणं उपयोगाचं.

लेखक आधी प्रस्ताव आणि एक-दोन प्रकरणं पाठवतो. संपादकाला ती आवडली तर हस्तलिखित बाहेरच्या, साधारणपणे दोन, जाणकारांकडे जातं. त्यांची नावं लेखकाला सहसा कळत नाहीत. ते लेखी अभिप्राय देतात, लेखक त्याला लेखी उत्तर देतो आणि काय बदलणार ते सांगतो. मग अभ्यासकांचं मंडळ मंजुरी देतं. त्यानंतर भाषासंपादन, मुद्रितशोधन आणि शब्दसूची (कुठलं नाव किंवा विषय कुठल्या पानावर आहे याची शेवटची यादी). अंतिम हस्तलिखित दिल्यापासून पुस्तक हाती यायला वर्षभर सहज लागतं.

आता मर्यादा. तपासणारा जाणकार युक्तिवाद पारखतो, वगळलेली साधनं दाखवतो, अतिशयोक्ती खोडून काढायला लावतो. तो दप्तरखान्यात जाऊन प्रत्येक टीप ताडून पाहत नाही. ते त्याच्याकडून अपेक्षितही नसतं आणि शक्यही नसतं. म्हणून चुकीचं वाचलेलं कागदपत्र या चाळणीतून निसटू शकतं. ते कसं पकडायचं, ते प्रश्न ५ मध्ये.

४. नवं पुस्तक हाती आल्यावर आधी काय वाचावं? पहिल्या पानापासून सुरुवात केली की पन्नासाव्या पानावर अडकतो.

पहिला पाऊण तास पुस्तक वाचू नका, त्याची पाहणी करा. हा क्रम सोयीचा पडतो:

आधी ऋणनिर्देश. कुठल्या दप्तरखान्यांत काम झालं, पैसा कुणी दिला, हस्तलिखित कुणी वाचलं हे इथे कळतं. मलपृष्ठावर स्तुती करणाऱ्यांची नावं या यादीत आहेत का, तेही पाहून ठेवा.

मग संदर्भसूचीतला अप्रकाशित साधनांचा भाग. पुस्तक तीन देशांबद्दल बोलतं आणि कागद एकाच देशातले, एकाच भाषेतले असतील, तर बाकीच्या दोन देशांबद्दलची विधानं दुय्यम साधनांवर उभी आहेत हे लक्षात ठेवून पुढे जा.

नंतर प्रास्ताविकाची शेवटची चार-पाच पानं. प्रकरणवार आराखडा तिथेच असतो. त्याला जोडून समारोप वाचा. शेवट आधी कळला म्हणून या पुस्तकांचं काही बिघडत नाही. उलट लेखकाला कुठे पोचायचं आहे हे ठाऊक असलं की वाटेत तो कुठे घाई करतो ते दिसतं.

शेवटी शब्दसूची. तुम्हाला चांगली माहीत असलेली एक घटना किंवा व्यक्ती निवडा आणि त्यांचा उल्लेख असलेली पानं वाचा. जे तुम्हाला ठाऊक आहे त्याबद्दल लेखक किती काटेकोर आहे, यावरून जे ठाऊक नाही त्याबद्दल किती भरवसा ठेवायचा याचा अंदाज येतो.

प्रास्ताविकाचा सिद्धान्तचर्चेचा भाग जड वाटला तर पहिल्या वाचनात बिनधास्त ओलांडा. दोन प्रकरणांनंतर परत या, तोच भाग सोपा वाटेल.

५. टीपा तपासायच्या म्हणजे नेमकं काय करायचं? मी काही इतिहासकार नाही.

इतिहासकार असण्याची गरज नाही, चिकाटी पुरते. सगळ्या टीपा कुणीच तपासत नाही. पाच निवडा, आणि त्या अशा वाक्यांच्या निवडा जी वाचून तुम्हाला आश्चर्य वाटलं. पुस्तकाचा नवा दावा तिथेच असतो आणि चूकही बहुधा तिथेच.

टीप काय दाखवते ते आधी बघा. मूळ कागदाचा संदर्भ असेल तर संग्रहाचं नाव, फाईल किंवा खंडाचा क्रमांक, पान आणि तारीख हवी. दुसऱ्या पुस्तकाचा संदर्भ असेल तर पानाचा आकडा हवा. अख्खं पुस्तकच संदर्भ म्हणून दिलेलं असेल तर त्या टीपेने काहीच सिद्ध होत नाही. परिच्छेदाच्या शेवटी एकाच टीपेत सात-आठ संदर्भांची मोळी बांधलेली असते, तिथे कुठलं विधान कशावर आहे हे कळत नाही. ही पद्धत जागा वाचवण्यासाठी रूढ आहे, पण वादग्रस्त विधान अशा मोळीत गेलेलं दिसलं की सावध व्हा.

मग छापील किंवा डिजिटल रूपात मिळणारा संदर्भ उघडा. उद्धृत वाक्याच्या मागचा आणि पुढचा परिच्छेद वाचा. उद्धृतात तीन टिंबं असतील तर त्या जागी काय गळलं ते आवर्जून पाहा. ‘पण’, ‘क्वचित’, ‘असं म्हणतात’ असे शब्द गळले की अर्थ उलटतो.

पाचांत एक पान चुकलं तर ती माणसाच्या हातून होणारी चूक. पाचांपैकी दोन टीपा विधानाला आधारच देत नसतील, तर उरलेलं पुस्तक संशयाने वाचावं, हा आमचा ठोकताळा.

कागद खरा, टीप बरोबर, पण अर्थ चुकीचा, हा प्रकार ओळखायला सगळ्यांत कठीण. इंग्लंडमध्ये १८२३ च्या एका कायद्याने न्यायाधीशांना राजद्रोह आणि खून वगळता इतर गुन्ह्यांत देहदंड न सुनावता तो नुसता नोंदवून ठेवण्याची मुभा दिली. गुन्हेगार दयेला पात्र वाटला तर ही नोंद करायची, म्हणजे ‘देहदंड नोंदवला’ याचा अर्थ जवळजवळ ‘फाशी टळली’ असा होता. २०१९ मध्ये आलेल्या एका पुस्तकात हीच नोंद ‘फाशी झाली’ अशी वाचली गेली. नभोवाणीवरच्या मुलाखतीत ते उघड झालं आणि पुस्तकाची अमेरिकी आवृत्ती रद्द करावी लागली. टीपा तिथेही होत्याच.

तारखांचंही असंच. इंग्लंडमध्ये १७५२ पूर्वी कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद आपण ३० जानेवारी १६४९ ला झाला म्हणतो, पण त्या काळच्या कागदात वर्ष १६४८ दिसतं. जानेवारी ते मार्चमधल्या घटनांत वर्षभराचा घोळ दिसला तर पहिला संशय पंचांगावर घ्या. चांगला लेखक आपण कुठली कालगणना वापरली हे सुरुवातीलाच सांगतो.

६. लेखकाला त्या प्रदेशाची भाषा येत नसेल तर पुस्तक बाद समजायचं का?

बाद नाही, पण त्याची मर्यादा ठरते. साम्राज्याच्या राजधानीतले निर्णय कसे झाले हे राज्यकर्त्यांच्या भाषेतल्या कागदांवरून उत्तम सांगता येतं. ज्यांच्यावर राज्य केलं गेलं त्यांना काय वाटत होतं, हे त्याच कागदांवरून सांगायला गेलं की अडचण येते, कारण त्यात लोकांचं बोलणं दुभाषी आणि कारकून यांच्या हातून गाळून आलेलं असतं. संदर्भसूचीतल्या भाषा मोजा आणि पुस्तकाचा दावा तेवढाच आहे ना ते पाहा. अनुवाद कुणी केला हे लिहिलेलं नसेल तर ती त्रुटी समजावी.

७. संपादित ग्रंथ घ्यावा का? बारा लेखक, बारा दिशा.

सलग वाचायला घेऊ नका. संपादकाचं प्रास्ताविक वाचा, मग लागतील ती दोन-तीन प्रकरणं. दर्जा प्रकरणागणिक बदलतो हे गृहीत धरा. संदर्भ देताना प्रकरणाच्या लेखकाचं नाव आधी आणि संपादकाचं नंतर. संपादकाच्या नावावर प्रकरणातलं मत खपवणं ही विद्यार्थ्यांच्या लेखनातली फार नेहमीची चूक आहे.

८. लेखकाचा पीएचडी प्रबंध फुकट मिळतोय. मग पुस्तक कशाला घेऊ?

पुस्तकाचा सांगाडा कळण्यासाठी प्रबंध पुरतो. पण प्रबंध परीक्षकांसाठी लिहिलेला असतो: आधीच्या अभ्यासाचा लांबलचक आढावा, पद्धतीवर वेगळं प्रकरण, प्रत्येक पावलाचं समर्थन. पुस्तक होताना हे आटतं, नवी साधनं येतात, कधी एखादं प्रकरण पूर्ण बदलतं आणि काही वेळा निष्कर्षही. म्हणून प्रबंधातलं वाक्य पुस्तकातलं म्हणून उद्धृत करू नका. उलट तक्ते, परिशिष्टं आणि लांब उद्धृतं जागेअभावी पुस्तकातून गळतात, ती शोधायला प्रबंधच कामाला येतो. प्रबंध दिसतच नसेल तर पुस्तक येईपर्यंत लेखकाने त्यावर काही वर्षांची मुदतबंदी घातलेली असू शकते.

९. पुस्तक यंदा आलं, आत मात्र पुढच्या वर्षाचा आकडा. कुठलं वर्ष लिहायचं?

शीर्षकामागच्या पानावरचं. वर्षाच्या अखेरीस येणाऱ्या पुस्तकांवर पुढचं वर्ष छापण्याची प्रथा आहे, म्हणजे पुस्तक लवकर जुनं दिसत नाही.

त्याच पानावर कधी १० पासून १ पर्यंत आकड्यांची ओळ असते. तीतला सर्वांत लहान आकडा म्हणजे तुमच्या हातातली प्रत कितव्या छपाईची. ओळ ३ वर संपत असेल तर तिसरी छपाई. छपाई म्हणजे आवृत्ती नव्हे. पुनर्मुद्रणात मजकूर तोच राहतो, फार तर छापील चुका दुरुस्त होतात. ‘सुधारित आवृत्ती’ असेल तेव्हाच मजकूर आणि पानं बदललेली समजा, आणि संदर्भात आवृत्तीचा क्रमांक द्या.

१०. पक्क्या बांधणीची प्रत घ्यावी, कागदी बांधणीची वाट पाहावी की ई-पुस्तक?

संशोधनग्रंथाची पक्की बांधणी मुख्यतः ग्रंथालयांसाठी काढतात, म्हणून ती महाग असते. कागदी बांधणी आली तर बहुधा वर्ष-दोन वर्षांत येते. मजकूर आणि पानांचे आकडे सहसा तेच राहतात. नवी प्रस्तावना जोडली असेल तर मुखपृष्ठावर तसं छापतात. घाई नसेल तर थांबण्यात तोटा नाही.

ई-पुस्तकाचे दोन प्रकार नीट ओळखा. पीडीएफमध्ये छापील पानं जशीच्या तशी असतात. ज्यात अक्षर लहानमोठं करता येतं त्यात पानं सरकतात, आणि तिथला ‘पान ११२’ दुसऱ्याच्या प्रतीत सापडत नाही. अशा प्रतीवरून संदर्भ देताना प्रकरण आणि उपशीर्षक लिहा.

विकत घेणं शक्यच नसेल तर आधी प्रश्न ११ पाहा, मग ग्रंथालयात खरेदीची शिफारस द्या. त्या अर्जात आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, लिहिला तर काम लवकर होतं. दुसऱ्या ग्रंथालयातून प्रत मागवण्याची सोयही बऱ्याच ठिकाणी असते. ती लोकांना ठाऊक नसते म्हणून वापरली जात नाही.

११. फुकट उपलब्ध असलेला ग्रंथ दर्जाने कमी असतो का?

नाही. मुक्त प्रवेशाच्या ग्रंथात छपाईपूर्वीची तपासणी तीच असते. फरक खर्च कोण उचलतं एवढाच: वाचकाऐवजी विद्यापीठ, अनुदान देणारी संस्था किंवा ग्रंथालयांचा गट. अशा ग्रंथांची ‘डायरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस बुक्स’ ही सूची २०१२ पासून आहे आणि तपासणीची प्रक्रिया असलेल्या प्रकाशकांचेच ग्रंथ तीत घेतात. शोध तिथूनच सुरू करावा.

परवान्याची ओळ मात्र वाचा. ‘सीसी बाय’ (क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांतला एक) असेल तर श्रेय देऊन मजकूर वापरता, अनुवादताही येतो. पुढे ‘एनडी’ अक्षरं असतील तर बदल केलेली प्रत प्रसृत करता येत नाही, आणि अनुवाद हा बदलच मानला जातो. फुकट आहे म्हणून मराठीत आणून प्रसिद्ध करायला निघालेल्यांची गाडी इथेच अडते.

पैसे घेऊन काहीही छापणारे प्रकाशकही आहेत. खुणा अशा: न मागता आलेलं ‘तुमचा प्रबंध छापू’ हे पत्र, काही आठवड्यांत पुस्तक काढण्याचं वचन, तपासणीबद्दल मौन, आणि विषयाला धरबंध नसलेली यादी.

१२. दोन परीक्षणं वाचली. एकात थोर ग्रंथ, दुसऱ्यात टाकाऊ. कुणाचं ऐकू?

कुणाचंही लगेच नको. आधी तारीख पाहा. वृत्तपत्रांतलं परीक्षण प्रकाशनाच्या सुमारास येतं आणि बहुधा पुस्तकाच्या गोष्टीबद्दल बोलतं. अभ्यासकांच्या नियतकालिकांतलं परीक्षण वर्ष-दोन वर्षांनी येतं आणि साधनांबद्दल बोलतं. नव्या पुस्तकावर दुसऱ्या प्रकारचं परीक्षण अजून नसेल तर तो दोष पुस्तकाचा नाही.

मग परीक्षणातलं ठोस शोधा. ‘अमुक पानावरचा तक्ता तमुक वर्ष वगळतो’ हे तपासता येतं. ‘निराशाजनक’ हे तपासता येत नाही. परीक्षणकर्त्याचं स्वतःचं पुस्तक याच वादात विरुद्ध बाजूला आहे का तेही पाहा. असेल तरी त्याचं म्हणणं फेकून देऊ नका, कारण सगळ्यांत नेमक्या चुका प्रतिपक्षच काढतो. आणि लेखकाचं उत्तर पुढच्या अंकात आलं असेल तर ते वाचल्याशिवाय मत बनवू नका.

१३. राजकारणावरच्या पुस्तकात सर्वेक्षणांचे आकडे असतात. त्यात फसायला कुठे होतं?

पोटगटांत. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या सुमारे १,००० लोकांच्या नमुन्यात आकडा किती चुकू शकतो याची मर्यादा साधारण ३ टक्के-अंक वर-खाली असते. त्याच नमुन्यातल्या १०० तरुण मतदारांबद्दल बोलायला लागलं की ती १० च्या आसपास जाते. म्हणजे ‘तरुणांत पाठिंबा ६ टक्क्यांनी घटला’ हे वाक्य त्या आकड्यांवर उभं राहूच शकत नाही. पुस्तकात तक्त्याखाली नमुन्याची संख्या प्रत्येक गटासाठी वेगळी दिली आहे का ते पाहा.

दुसरं, प्रश्नाचे मूळ शब्द परिशिष्टात हवेत. दोन वर्षांची तुलना करताना प्रश्न बदलला असेल तर मत बदललं की प्रश्न, हे सांगता येत नाही. आणि ताज्या निवडणुकीवरचं पुस्तक असेल तर माहिती कुठल्या महिन्यापर्यंतची आहे ते प्रस्तावनेत शोधा. छपाईला लागणारा वेळ (प्रश्न ३) वजा करा.

१४. समाजशास्त्राच्या पुस्तकात गावाचं आणि माणसांचं नाव बदललेलं असतं. मग तपासायचं कसं?

नावं बदलणं हा माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा भाग आहे. त्यावरून लेखकावर शंका घेऊ नये. तपासायच्या गोष्टी वेगळ्या: किती महिने क्षेत्रात काढले, किती मुलाखती, कुठल्या भाषेत, दुभाषा होता का, आणि कोण बोलायला तयार झालं नाही. नुसती नावं बदलली की दोन-तीन व्यक्ती मिसळून एक पात्र केलं, हे पद्धतीच्या टिपणात सांगितलेलं असायलाच हवं. मिसळलेल्या पात्राच्या तोंडचं वाक्य पुरावा म्हणून पुढे वापरू नका.

१५. कुणीतरी दिलेला संदर्भ कुठेच सापडत नाही. पुस्तक खरंच आहे का?

हा प्रश्न हल्ली वाढला आहे, कारण यंत्राने रचलेले संदर्भ अगदी खऱ्यासारखे दिसतात: खरा लेखक, खरं प्रकाशन, नसलेलं पुस्तक. मोठ्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या सूचीत आणि प्रकाशकाच्या यादीत, दोन्हीकडे शोधा. लेखाचा संदर्भ असेल तर १० ने सुरू होणारा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक, उघडून पाहा. तो दुसऱ्याच लेखावर नेत असेल तर संदर्भ बनावट आहे किंवा उतरवताना चुकला आहे.

आयएसबीएन घरी तपासता येतो. २००७ पासून तो १३ अंकी आहे. पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला ३ ने, असं आळीपाळीने गुणून बेरीज करा, ती १० ने भागली गेली पाहिजे. ९७८-३-१६-१४८४१०-० घेतला तर बेरीज १०० येते. बेरीज जुळली नाही तर कुठेतरी अंक चुकला. जुळली म्हणून पुस्तक अस्तित्वात आहे असं मात्र होत नाही. शिवाय पक्की बांधणी, कागदी बांधणी आणि ई-पुस्तक यांचे क्रमांक वेगवेगळे असतात, तेव्हा एक सापडला नाही म्हणून खोटेपणाचा आरोप करू नका.

१६. पुस्तकात मला चूक सापडली. कळवून काही उपयोग होतो का?

होतो, नीट कळवलं तर. पान, ओळ, छापलेलं वाक्य, बरोबर काय, आणि त्याचा आधार, या पाच गोष्टी एका पत्रात लिहा आणि लेखक व प्रकाशक दोघांनाही पाठवा. लहान चुका पुढच्या छपाईत दुरुस्त होतात, ई-पुस्तकात त्याहून लवकर. मतभेद म्हणजे चूक नव्हे. मतभेद असेल तर परीक्षण लिहा.

१७. मागे घेतलेलं किंवा पारितोषिक काढून घेतलेलं पुस्तक वापरावं का?

त्यातल्या निष्कर्षांसाठी नाही. अमेरिकेतल्या बंदुकांच्या मालकीवरच्या एका ग्रंथाला २००१ मध्ये बँक्रॉफ्ट पारितोषिक हे इतिहासग्रंथांना दिलं जाणारं पारितोषिक मिळालं. मृत्युपश्चात मालमत्तेच्या नोंदींवरून काढलेले त्यातले आकडे इतरांना पुन्हा काढता येईनात, चौकशी झाली आणि २००२ च्या डिसेंबरात पारितोषिक काढून घेण्यात आलं. अशी पुस्तकं ग्रंथालयांत राहतात आणि राहायला हवीत, कारण वादाचा अभ्यास त्यांच्याशिवाय होत नाही. उल्लेख करावाच लागला तर त्याच वाक्यात ते मागे घेतलं गेल्याचं किंवा पारितोषिक गेल्याचं लिहा. त्यातलाच मूळ कागद हवा असेल तर त्या पुस्तकावरून उतरवू नका, दप्तराच्या क्रमांकाने कागद स्वतः मागवा. आणि तुमच्या आधीच्या लेखनात त्यातला एखादा आकडा आला असेल, तर तिथेही दुरुस्ती छापा.